अक्कासाहेबांच्या चिमण्या चालविल्याची कैफियत

श्री

पुढे मागे कोणी वाचील त्यास कळावे, आणि जो न वाचील त्यास वाचणाराने सांगावे, या हेतूने शिवणदुकानाच्या दौलतीतील थोर मोहिमेची ही हकीकत आदिपासून अंतापर्यंत लिहून ठेविली असे. थोरांनी किल्ले घेतले, मुलूख सर केले, दर्यात गलबते लोटिली. ते ज्याचे त्यास शोभले. परंतु लग्नाची चित्रफीत घरच्या घरी कापून, जोडून, सुबक करणे, आणि त्या कामी भरवशाचे सॉफ्टवेअर निवडणे, ही मसलत ज्याचेवर गुजरली त्यासच ठावी. या मोहिमेत रक्त सांडले नाही. चहा मात्र सांडला, आणि तोही कीबोर्डावर.

मोहिमेचे धनी कोण, तर कात्रीबहाद्दर, टेपधर, मापांचे जाणते श्रीमंत मास्टर. रस्त्याच्या वळणावर दुकान, मागे राहते घर, मध्ये एक दार आणि दारास पडदा, इतकीच दौलत. परंतु जरब ऐसी की पोट सुटलेले गिऱ्हाईक दुकानात शिरताच आपोआप श्वास ओढून घेई, आणि मग मास्टरांचा हुकूम होई की श्वास सोडावा, माप खोटे निघते. दुकानचे कायदे कडक होते. कापड दोनदा मापल्याविना कात्री लावणे नाही. पोशाख आधी कच्च्या टाक्यांवर अंगात घालून पाहावा, मग कच्चे टाके उसवून पक्के घालावे. नवे यंत्र आले तर त्यात प्रथम चिंधी घालून पाहावी, आणि उरले कातरण म्हणून एक तुकडा टाकू नये. टेबलाखाली कातरणांची पोती ऐसी रचिली होती की मास्टरांस पाय ठेवावयास जागा नसे, परंतु कायदा तो कायदा.

हे कायदे मास्टरांनी केले नव्हते. ते वडील भगिनी अक्कासाहेब यांनी घालून दिले. आईबाप लवकर गेले, तेव्हां अक्कासाहेबांनी धाकट्या भावास शिवणयंत्रापुढे बसवून सुईत दोरा ओवण्यापासून सारी विद्या शिकविली, आणि शिवण वाकडी गेली की सुई टोचू नये म्हणून अंगुस्तान घातल्या बोटाने डोक्यात टपली मारिली. त्या टपल्यांच्या जोरावर मास्टर मास्टर जाहले. पुढे मास्टरांचा संसार जाहला, लेक जाहली, आणि अक्कासाहेब मागच्या खोलीत, रस्त्याकडील खिडकीशी, सुई घेऊन बसत त्या बसतच आल्या.

मग लेकीचे लग्न ठरले, आणि कैफियतीस आरंभ जाहला. लग्नाचा पायघोळ झगा मास्टरांनी बेतिला आणि त्याच्या घेरावरील भरतकाम अक्कासाहेबांनी आपल्याकडे घेतले. त्यांनी खालच्या किनारीवर सभोवार चिमण्या भरिल्या. एक दाणा टिपते, तिच्या पुढली मान उचलते, पुढली पाय उचलते, पुढली पंख उचलते, ऐसा क्रम. झगा खुंटीवर असता ती नुसती पाखरांची रांग दिसे. परंतु अंगात घालून कोणी चालू लागले, आणि घेराच्या चुण्या उघडू मिटू लागल्या, की त्या चिमण्या जमिनीवरून टुणटुण उड्या मारीत चालल्या ऐसे दिसावे, ही करामत होती. दिसावे असे म्हणावयाचे, कारण पाहिले कोणीच नव्हते. माप घेतेवेळी लेक स्टुलावर उभी होती आणि घेर टाचणीने वर दुमडलेला होता.

आणि त्याच स्टुलाने दगा केला. लग्न तोंडावर आले असता अक्कासाहेब फळीवरचे शेवटचे रीळ काढावयास वर चढल्या, स्टूल एका बाजूस कलले, आणि अक्कासाहेब पडल्या. रीळ हातचे सुटले नाही, पाय मात्र मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर चढले. लग्नाचे सभागृह वरच्या मजल्यावर, डॉक्टरांची मनाई कडक. सबब साऱ्या लष्कराने नटून कूच केले आणि अक्कासाहेब खिडकीशी पाय उशीवर ठेवून राहिल्या.

लग्नाचे फोटो आले तेव्हां अक्कासाहेबांनी एक पाहिला, दुसरा पाहिला, मग सारा गठ्ठा उलटा घालून परत दिला. छायाचित्रकाराने यच्चयावत मंडळी कमरेपासून वर टिपिली होती. अक्कासाहेब म्हणाल्या, "अर्ध्या माणसांचं लग्न झालं वाटतं."

लेक विरघळली आणि म्हणाली की आत्या, मी पुन्हा झगा घालते आणि तुझ्यासमोर चालून दाखवते. यावर अक्कासाहेबांचा निवाडा आला. "नको गं. खोलीत मुरडून दाखवलेलं चालणं वेगळं, आणि लग्नाला उठून चाललेलं वेगळं. ते एकदाच असतं. ते मी बघणार होते."

आणि मग त्यांनी सुयादोऱ्यांचा डबा मिटून कपाटाच्या माथ्यावर ठेववून दिला. विचारिले असता डोळे दमले ऐसा जबाब दिला. डोळे दमले नव्हते, मन बसले होते, हे घरात सर्वांस कळत होते. ज्या घरात सदैव सुईची ये-जा, तेथे अक्कासाहेब रिकाम्या हातांनी खिडकीबाहेर पाहत बसू लागल्या. मास्टरांस अन्न गोड लागेना.

मग एके दिवशी मास्टरांनी अक्कासाहेबांच्या खोलीत उभे राहून प्रतिज्ञा केली. लेक आणि जावई लवकरच परमुलखी नोकरीवर रुजू व्हावयास निघणार होते, आणि त्याआधीच्या रविवारी निरोपास येणार होते. त्या रविवारी अक्कासाहेबांस सारे लग्न चालते बोलते, चिमण्यांसकट, पडद्यावर दाखवीन, न दाखवीन तर टेप गळ्यात घालणार नाही, ऐसे मास्टर बोलून गेले. अक्कासाहेब इतकेच म्हणाल्या, "तू? तुला भिंतीवरचं घड्याळ लावता येत नाही."

आता चित्रणाचे वर्तमान. हलते चित्र घेण्याची कामगिरी मास्टरांनी लग्नात परक्यावर न सोपविता आपणाकडे ठेविली होती, आणि तिजसाठी एक हाय-डेफिनिशन कॅमकॉर्डर आणिला होता, मुठीत मावेल ऐसा, परंतु माशीच्या पंखावरची रेघ दाखवील ऐसा. यंत्र उत्तम होते. परंतु मास्टरांचे आयुष्य विजेच्या शिवणयंत्रापुढे गेलेले. त्या यंत्राचा दस्तूर ऐसा की पायाखालची कळ दाबून धरावी तोवर ते धावते, आणि पाय उचलिला की थांबते. मास्टरांनी मानिले की कॅमेऱ्याचाही दस्तूर तोच. सबब दृश्य सुरू होताच त्यांनी लाल कळ अंगठ्याने दाबिली, दृश्य सरेतोवर प्राणपणाने धरिली, आणि सरताच सोडून दिली. अंगठ्यास नंतर मलम लावावे लागले.

कॅमेऱ्याच्या दरबारची रीत निराळी. तेथे एकदा दाबिले की चालू, पुन्हा दाबिले की बंद, मधल्या काळात अंगठा कोठे गेला याची कोणास दरकार नाही. म्हणोन परिणाम ऐसा जाहला की पहिले दृश्य उतरले, आणि त्यापुढे मास्टर कॅमेरा मनगटास लटकावून हिंडत होते तो सारा वेळही उतरला. मग दुसऱ्या दृश्यास त्यांनी मोठ्या ताठ्याने कळ दाबिली, आणि कॅमेरा बंद जाहला. ऐसे एक दृश्य उतरे, एक बुडे, आणि मधल्या जागेत फरशी, खुर्च्यांचे पाय आणि पाहुण्यांचे जोडे, लांबच लांब, परम स्वच्छ.

त्याहून थोर चूक आणिक एक. मोहिमेचा बेत आखितेवेळी मास्टरांस आठवले नाही की सेनापती तेच आणि वधूपिताही तेच. लेक खोलीतून निघून मंचावर जाणार, तिचा हात धरून चालावयाचे मास्टरांनीच. मग कॅमेरा कोणी धरावा? हा प्रश्न खोलीच्या दारात सुचला, तेव्हां बाहेर वाद्ये सुरू जाहली होती. खोलीतील नटण्याचे दृश्य संपवून मास्टरांनी अंगठा उचलिला, लेकीचा हात धरिला आणि चालू लागले. ज्या चालीसाठी अक्कासाहेब तळमळत होत्या, ती चाल टिपावयास कोणी नव्हते.

दारातली ती गोष्ट लग्नाच्या धांदलीत मास्टर विसरून गेले होते, ती आणि बाकीचे सारे घरी कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर पाहता उघड जाहले. प्रतिज्ञा तर होऊन चुकली होती. जमिनीची ती चित्रे दिसू लागताच त्यांस इतकी शरम वाटली की पुढे पाहवेना. तथापि कातरण टाकू नये हा अक्कासाहेबांचा कायदा, सबब जमिनीचे सारे तुकडे संगणकात निराळ्या फोल्डरात घातले, त्यावर 'चिंध्या' हे नाव लिहिले, आणि उरलेल्या चांगल्या कापडाची तरी उत्तम चित्रफीत शिवून अक्कासाहेबांची मर्जी राखावी, ऐसे ठरविले. ही गोष्ट त्यांनी केवळ धर्मपत्नी बाईसाहेब यांचे कानी घातली. बाईसाहेब म्हणाल्या, "आधी बेतून तर बघा. रडायचं नंतर."

दुपारी दुकान मिटले की कापडकापणीच्या टेबलावर संगणक मांडावा आणि लढाईस उभे राहावे, ऐसा क्रम सुरू जाहला. संगणक जुना होता. लेकीने शिकत असता वापरलेला, दोन कळा उडालेल्या, पाठीशी पंखा घरघरणारा.

पहिली मसलत ऐसी की घरात सरदार असता बाहेर कशास धुंडावे? संगणकासोबतच एक चित्रफीत कापण्याचे सॉफ्टवेअर फुकट आले होते आणि घरजावयासारखे आत पडून होते. मास्टरांनी त्यास मानाने उठविले आणि कॅमेऱ्याचे चित्रण पुढे ठेविले. परंतु तो सरदार जुन्या काळचा, त्यास हाय-डेफिनिशन चित्रणाची लिपी वाचिता येईना. खिडकी उघडली ती काळीकुट्ट. आतून मात्र आवाज येऊ लागले. पाहुणे बोलत होते, कोणी शिंकले, कोणी विचारिले की जेवायला केव्हां बसायचे. बाईसाहेब भाजी निवडीत ऐकत होत्या, त्या म्हणाल्या, "रेडिओवर लग्न लागलंय जणू." मास्टरांनी खिडकी झटकली, बंद केली, उघडली, संगणकास फुंकर घातली, परंतु उजेड पडला नाही. पहिला सरदार येणेप्रमाणे अंधारातच कामास आला.

मग कुमक मागविली. शेजारी गुरांचे डॉक्टर राहत, त्यांस घरात वैद्यराव म्हणत. हे वैद्यराव गाईगुरांच्या खुरांवरील उपचारांच्या चित्रफिती करून आपल्या विद्यार्थ्यांस दाखवीत, आणि त्या कामात आपल्यासारखा जाणता नाही ऐसे स्वतःच सांगत. ते खासे येऊन खुर्चीत बसले, चहा घेतला, आणि फर्माविले की सिनेमावाले वापरतात तेच घ्यावे, त्याखालचे हातीही धरू नये. मास्टर म्हणाले की आमचे यंत्र जुने. वैद्यराव म्हणाले, "अहो, बैल म्हातारा असला तरी ओढतो." आणि त्यांनी ते पंचहजारी सॉफ्टवेअर आपल्या हाताने आत घातले.

पंचहजारी ऐटीने आत शिरला. त्याचे डेरे पडू लागले तेव्हां पडद्यावर मोकळी जागा राहिली नाही. खिडकीत खिडकी, कोपऱ्यात कोपरा, बटणांच्या पलटणी, आणि प्रत्येक बटणापोटी दहा पिल्ले. मास्टरांनी टेप गळ्यात घालून धीर धरिला आणि एक तुकडा सोडिला. तो पंखा ऐसा किंचाळू लागला की रस्त्यावरचे कुत्रे उठून गेले. चित्र धक्के खात चालले. एक पाहुणा पेला उचलताना दिसला, मग थिजला, मग एकदम पेला रिकामा. तरी मास्टरांनी चिकाटीने कापले, जोडले, कापले, आणि वरमाय हसते तेथवर काम आणिले. आता जतन करावे ऐसे मनात आले, तितक्यात सारा पडदा गोठला, मग पांढरा पडला, मग विझला. पंचहजारी सारे काम पोटात घेऊन नाहीसा जाहला. त्याच वेळी मास्टरांचा हात पेल्यास लागला आणि पूर्वोक्त चहा सांडला. वैद्यराव म्हणाले की बैल फारच म्हातारा आहे, आणि घरी गेले.

त्यामागे तिसरा आला तो गोडबोल्या. 'आधी वापरून पाहा, ट्रायल मोफत' ऐसे त्याच्या कपाळावरच लिहिलेले. हे वाचून मास्टरांस गहिवर आला. इतक्या गर्दीत एक तरी सॉफ्टवेअर शिंप्याची रीत जाणणारे निघाले! आणि खरोखर तो शहाण्यासारखा चालला. चित्र दिसे, फार अडखळत नसे, कापले तेथे कापले जाई. केवळ एक गोष्ट, की प्रत्येक चित्रावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत त्याच्या नावाचा फिकट शिक्का आडवा पडलेला. मास्टरांस त्याचे काही वाटले नाही. ट्रायल आहे तर कच्चे टाके दिसणारच, काम पुरे जाहले की उसवून निघतात, इतके तर दुकानातल्या नवशिक्यासही कळते, ऐसे त्यांनी मनाशी धरिले. मग दुपारमागून दुपार ते शिवीत राहिले, आणि सारी चित्रफीत शेवटास नेली.

बाईसाहेबांस मानाने खुर्ची दिली आणि चित्रफीत लाविली. बाईसाहेबांनी काही वेळ पाहिले आणि पुसिले, "विहीणबाईंना मिशा का आल्यात?" मास्टर म्हणाले, "तो कच्चा टाका आहे. निघेल आता." आणि शिक्का उसवावयाची जागा शोधू लागले. सारी बटणे दाबून जाहली. शिक्का जागचा हालला नाही. अखेर बाईसाहेबांनी चष्मा लावून सॉफ्टवेअरवाल्यांचा मजकूर वाचिला, तो त्यात स्वच्छ लिहिले होते की ट्रायलमध्ये केलेल्या कामावरचा शिक्का निघणार नाही, पक्के घ्यावे. मोल देऊन पक्के घ्यावे म्हटले, तर पक्क्याची अट ऐसी की इतक्या जुन्या संगणकात आम्ही वस्ती करीत नाही.

रविवार समीप आला होता. मागच्या खोलीत अक्कासाहेब खिडकीबाहेर पाहत होत्या आणि कपाटावर डबा तसाच होता. "मी तिला सांगून टाकतो," मास्टर म्हणाले, "की नाही जमलं." टेप गळ्यातून काढून त्यांनी टेबलावर ठेविला.

बाईसाहेबांनी तो उचलून परत त्यांच्या गळ्यात घातला. "अहो, दुकानात नवीन मशीन आलं की त्यात पहिल्यांदा काय घालता?"

"चिंधी."

"मग इथे प्रत्येक वेळी थेट गिऱ्हाईकाचं कापड कशाला घालताय?"

इतक्या वर्षांचा कायदा आपणच मोडिला हे मास्टरांच्या ध्यानी आले, आणि त्यांनी मान डोलाविली.

मग मोहिमेची सूत्रे बाईसाहेबांनी घेतली. त्यांची निवडीची तऱ्हा न्यारी. कोणत्याही सॉफ्टवेअरची स्तुती त्या वाचीत नसत, तक्रारी तेवढ्या वाचीत. ज्याच्या तक्रारीत 'काम गेले', 'मध्येच बंद पडले' ऐसे शब्द आले ते बाद. 'शिक्का' आला ते बाद. उरता उरता एक लहानखुरे सॉफ्टवेअर उरले. त्याविषयी लोकांची तक्रार इतकीच, की दिसावयास साधे आहे, भपका नाही. बाईसाहेब म्हणाल्या, "तुम्हीही तसेच आहात. चाललंय ना माझं?"

लहानखुरा मुकाट्याने आत आला आणि एका बाजूस उभा राहिला. बटणे मोजकी. आणि त्याची एक खोड मास्टरांनी पाहिली तेव्हां ते खुर्चीतून अर्धे उठले. थोर चित्रण त्याच्या पुढे ठेविताच तो आधी त्याची हलकी, जाडीभरडी नक्कल करी, सारी कापाकापी त्या नकलेवर करू देई, आणि शेवटी तीच कापणी मूळ चित्रणाच्या प्रतीवर उतरवी. मुळास धक्का म्हणून नाही. "अगं, हा मांजरपाटावर बेततोय!" मास्टर ओरडले. उंची कापडास हात लावण्यापूर्वी साध्या मांजरपाटावर बेतून पाहणे, ही अक्कासाहेबांची शिकवण. शिवाय तो दर घडीस आपले आपण काम जतन करी. तरीही पारख होणे होतेच, सबब मास्टरांनी 'चिंध्या' हे फोल्डर उघडिले आणि हाती लागला तो लांबसा तुकडा त्यात घातला.

पडद्यावर फरशी आली. खुर्चीचा पाय आला. मास्टरांचा स्वतःचा जोडा आला, पॉलिश केलेला. मास्टर चित्राकडे न पाहता ते अडखळते की नाही इतकेच पाहत होते. मग जोड्याच्या शेजारी, पडद्याच्या काठाने, एक चिमणी आत आली. तिच्या मागे दुसरी. मग घेर उघडला, मिटला, उघडला, आणि साऱ्या चिमण्या फरशीवरून टुणटुण उड्या मारीत चालू लागल्या.

नटण्याचे दृश्य संपवून मास्टरांनी अंगठा उचलिला होता, परंतु कॅमेरा थांबला नव्हता. तो त्यांच्या मनगटास लटकून, जमिनीपासून थोडक्या उंचीवर, लेकीच्या झग्यालगत, खोलीपासून मंचापर्यंत सारी वाट चालत आला होता. हाय-डेफिनिशनची करामत ऐसी की एकेक टाका मोजून घ्यावा. मास्टरांनी बाईसाहेबांचा हात धरिला. संगणकाचा पंखा तेवढा हळू घरघरत होता, आणि चित्र एकदाही अडखळले नाही. त्या क्षणी, अन्य पुराव्याची वाट न पाहता, लहानखुऱ्यास वस्त्रे देऊन दौलतीचा कायम सरदार नेमिले.

रविवार उजाडला. अक्कासाहेबांच्या खोलीत टीव्ही आणविला, तार अंथरुणावरून नेली, सबब कोणी हालू नये ऐसा हुकूम सुटला. लेक आली, जावई आले, वैद्यरावही आले. लेकीने झगा सोबत आणिला होता, परमुलखी न नेता आईपाशी ठेवावा म्हणून. अक्कासाहेब पुस्तक तोंडापुढे धरून होत्या. पाहीन, परंतु कोणी मला कसे वाटले म्हणून पुसू नये, ही त्यांची अट.

मास्टरांनी प्रथम पाहुणे दाखविले, विहीणबाई दाखविल्या, त्यांस आता मिशा नव्हत्या. अक्कासाहेब पुस्तकाच्या वरून अर्ध्या डोळ्याने पाहत होत्या. मग फरशी आली. वैद्यराव म्हणाले, "हे काय, जमीन?" बाईसाहेबांनी त्यांस कोपराने गप्प केले. मग चिमण्या आल्या.

पुस्तक खाली आले. चित्रातून वाद्ये ऐकू येत होती, आणि त्यातून लेकीचा आवाज, पुटपुटल्यासारखा, कॅमेऱ्याच्या अगदी वरून आला. "बाबा, हळू चला ना. आत्याच्या चिमण्यांना पळवू नका." आणि मास्टरांचा आवाज आला. "बरं. तिनं बघितलं असतं तर म्हणाली असती, पाय घासू नकोस." हे आपण बोललो होतो हे मास्टर विसरून गेले होते. टुणटुण, टुणटुण, चिमण्या मंचाच्या पायरीपर्यंत गेल्या आणि चित्र संपले.

"मागे घे," अक्कासाहेब म्हणाल्या.

मागे घेतले. पुन्हा पाहिले. "आणखी एकदा," असा हुकूम जाहला. पुन्हा पाहिले. अक्कासाहेबांनी डोळे पुसले, ते उघड पुसले, पदराआड नाही. मग चष्मा लाविला आणि पुढे झुकल्या.

"ती बघ. डावीकडची, पंख उचललेली. लंगडतेय."

"सॉफ्टवेअर अडखळलं असेल, अक्का," मास्टर म्हणाले, आणि पुन्हा मागे घेतले. सर्वांनी निरखून पाहिले. शेजारी मास्टरांचा जोडा सरळ चालत होता, बाकी चिमण्या ठीक उडत होत्या, ती एकच मागे रेंगाळे.

"मशीनला कशाला बोल लावतोस?" अक्कासाहेब म्हणाल्या. "ते चोख चालतंय. टाका सैल सुटलाय. माझाच आहे." मग त्यांनी आज्ञा केली, "तो झगा आण इकडे. आणि वरचा डबा काढा. जावईबापू, तुम्ही काढा, तुम्ही उंच आहात. त्या स्टुलावर कुणी चढायचं नाही."

डबा उतरला. झगा अक्कासाहेबांच्या प्लास्टरवर पसरला, आणि त्यांनी बोट फिरवीत नेमकी ती चिमणी धरिली. मास्टरांनी न सांगता सुई घेतली, दोरा ओठात ओला केला, ओविला आणि पुढे धरिला. अक्कासाहेबांनी अंगुस्तान बोटात चढविले, दोऱ्याकडे पाहिले, आणि भावाच्या डोक्यात टपली मारिली.

"किती लांब घेतलास? गुंता होईल."

मास्टर हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि दोरा तोडून आखूड करावा हे त्यांस सुचत नव्हते.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. चिमणीचा पाय त्याच दुपारी बरा जाहला, आणि अक्कासाहेबांचाही लवकरच होईल ऐसा वैद्यरावांचा अभिप्राय पडला. लहानखुरा सरदार जुन्या संगणकात सुखाने नांदत आहे. 'चिंध्या' फोल्डरास पुढे कोणी हात लावू नये ऐसा कायमचा हुकूम आहे, आणि मास्टरांस कॅमेऱ्याची कळ एकदाच दाबावयाची ही गोष्ट लेकीने बोट धरून शिकविली आहे, तरी ते अद्याप दाबून धरतातच. अक्कासाहेबांनी नवे कापड मागितले, चौकट ताणून घेतली, आणि खिडकीशी सुई पुन्हा चालती जाहली. या कैफियतीवर त्या सुईचा टाका हाच शिक्का समजावा.